गुडघेदुखीची काठी

काकांना कुणी वेळ विचारली तर ते वेळ सांगत, आणि वर पुढची गाडी किती वाजता सुटते तेही सांगत. विचारणाऱ्याला कुठंही जायचं नसलं तरी. चौतीस वर्षं त्यांनी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत काढली होती. निवृत्त झाल्यावर खिडकी तिथंच राहिली, पण तिची चौकट काकांच्या तोंडाभोवती कायमची बसली. सगळा मोहल्ला त्यांना चौकशीकाका म्हणायचा. स्थानकातले जुने सहकारी मात्र 'वेळापत्रक' म्हणत, आणि तेही प्रेमाने म्हणत. कारण छापील वेळापत्रक हरवलं की काकांनाच भिंतीला टेकवून उभं करता येत असे.

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या साहेबांनी त्यांना एकच धडा दिला होता. "माणूस आधीच चुकलेला असतो, म्हणून या खिडकीशी येतो," साहेब म्हणाले होते. "त्याला आपण 'माहीत नाही' म्हटलं की तो दुसऱ्यांदा चुकतो. म्हणून या खिडकीतून ते शब्द बाहेर जाता कामा नयेत. अडलं तर आत येऊन विचार, पण त्याच्या तोंडावर तसं म्हणायचं नाही." त्या खिडकीत बसलेल्या बाकीच्या कारकुनांनी हा उपदेश एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने गाडीबरोबर रवाना केला. काकांनी तो अंगी बाणवला. इतका, की घरी, दारी, अंथरुणात तापाने फणफणतानासुद्धा त्यांच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द कुणी ऐकले नाहीत.

शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा सासूने जिन्यात उभ्या असलेल्या काकांना आपलं सहज, घाबरलेल्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "कधी होईल हो?" काका म्हणाले, "पावणेपाच." मूल पाच वाजून दहा मिनिटांनी झालं. काका म्हणाले, अर्ध्या तासाच्या आत असलं की उशीर धरत नाहीत.

अशा माणसाशी संसार करणं म्हणजे आकाशवाणीशी लग्न करणं. काकूंनी तो एकतीस वर्षं केला. त्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होत्या. तिथल्या चादरी, पडदे, डॉक्टरांचे डगले त्यांच्या हाताखालून जात. बाई कमी बोलायची. घरात जेवढं बोलणं व्हायचं त्यातलं पंधरा आणे काका बोलत, आणि उरलेल्या एका आण्यात काकू "हो का?", "बरं" आणि "जेवून घ्या" एवढं भागवत. काकांना वाटायचं, आपलं सगळं किती पटतं हिला.

काकू गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली होती. तीन आठवड्यांचं दुखणं आणि संपलं. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंपैकी साड्या लेकीने नेल्या, चष्मा काकांनी खणात ठेवला, आणि काठी दाराआडच्या कोपऱ्यात होती तिथंच राहिली. काळसर, गुळगुळीत, वाकड्या मुठीची काठी. शेवटची नऊ वर्षं काकूंचा गुडघा दुखायचा, त्यासाठी ती आणली होती. पुढं काकाच ती बरोबर घेऊन निघू लागले. त्यांचे पाय ठणठणीत होते. पण हातात काठी असली की बाजूला कुणीतरी चालतंय असं वाटायचं, आणि कुणी "काय काका, काठी लागली?" असं विचारलं की ते म्हणत, "शिसवी आहे. आतून पोलादी सळई असते, म्हणून जड. टिकते." हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. काठी जड आहे, तेव्हा आत सळई असणार. आणि सळई आहे, तेव्हा ती पोलादीच असणार. माहिती अशीच तयार होते.

त्या दिवशी ते निवृत्तिवेतनाच्या कचेरीत गेले होते. वर्षातून एकदा तिथं जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागे. काका जिवंत आहेत याबद्दल त्या कचेरीत खरं तर कुणाला शंका नव्हती. ते आत शिरले की निम्मा विभाग चहाला जायचा. पण या वर्षी फाटकावर नवं तपासणीचं यंत्र बसवलं होतं. पिशव्या, डबे, छत्र्या पट्ट्यावर ठेवायच्या, त्या एका पेटीतून जायच्या आणि पलीकडे बसलेली शिपाई मुलगी पडद्यावर त्यांचं पोट बघायची. काकांनी काठी पट्ट्यावर आडवी ठेवली. ती आत गेली आणि पट्टा थांबला.

"आजोबा, या काठीत काय आहे ते माहीत आहे का?" मुलीने विचारलं.

"माहीत आहे," काका म्हणाले.

मुलीने मान वर केली. "काय आहे?"

"पोलाद आहे. पहिल्यापासून आहे. ही काठी अकरा वर्षं आमच्या घरात आहे," काकांनी माहिती पुरवली. "कुठल्याही काठीत नसतं. मुद्दाम बघून घ्यावी लागते."

मुलीने शेजारच्या हवालदाराला हाक मारली. हवालदाराने काठी हातात घेतली, मूठ उलट्या बाजूने फिरवली आणि ओढली. आतून हातभर लांब, चिंचोळी, दोन्ही बाजूंनी धारेची पाती सरसरत बाहेर आली. ती गुप्ती होती. रांगेतले लोक दोन पावलं मागं सरकले. काका तेवढे सरकले नाहीत, कारण आश्चर्याने त्यांचे पाय जागीच राहिले होते, आणि हवालदाराला ते निर्ढावलेपण वाटलं.

"हे पण माहीत होतं?" त्याने विचारलं.

इथं काकांनी नुसतं तोंड उघडं ठेवलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण मागं रांग होती, समोर प्रश्न होता, आणि चौतीस वर्षांची सवय मेंदूच्या आधी जिभेपर्यंत पोचली. "हो तर," ते म्हणाले.

चौकीत जमादाराने जबाब लिहून घेतला. त्याला इतका सुटसुटीत जबाब उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. वस्तू किती वर्षांपासून, कुठं ठेवलेली असते, वजन अंदाजे किती, सगळं आरोपीने न अडखळता सांगितलं. शेवटी जमादारच दमला आणि म्हणाला, "बस झालं, काका. एवढं कुणी विचारत नाही." काकांनी चष्मा लावून जबाब वाचला, एका ठिकाणी कचेरीचा पत्ता अर्धवट होता तो पुरा केला, आणि खाली सही केली.

लेक धावत आली, जामीन झाला, ते घरी आले. रिक्षात ती एकदाच बोलली. "बाबा, ते आत होतं हे तुम्हाला खरंच माहीत होतं?"

काकांनी रिक्षावाल्याला जवळचा रस्ता सांगितला.

सरकारने नेमून दिलेली वकीलबाई तरुण होती आणि तिच्या टेबलावर फायलींपेक्षा चहाचे कप जास्त होते. पण तिचं डोकं स्वच्छ होतं. तिने कायद्याचं पान काकांसमोर उघडून ठेवलं. बाळगायला बंदी असलेल्या हत्यारांची ती यादी होती. कळ दाबली की उघडणारा चाकू, बोटांत चढवायच्या लोखंडी कड्या, पट्ट्याच्या बकलात दडवलेलं पातं, काठीत किंवा छत्रीत लपवलेली तलवार. एकेकाची लांबी, रुंदी दिलेली. काकांना यादी दिसली की राहवत नसे. त्यांनी ती दोनदा वाचली आणि त्यांना ती पाठ झाली.

"घरात भाजी चिरायची सुरी चालते," वकीलबाई म्हणाली. "कारण ती सुरी आहे हे बघणाऱ्याला दिसतं. पण हत्यार असून हत्यार न दिसणारी वस्तू जवळ असणं हाच गुन्हा आहे. कशासाठी ठेवली, कुणाला मारायचं होतं का, भीती वाटत होती का, यातलं काहीच कायदा विचारत नाही. जवळ होती ना? संपलं. किमान सहा महिने कैद. न्यायाधीशांच्या मनात आलं तरी त्यांना कमी करता येत नाही."

"सहा महिने म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी दिवस," काका म्हणाले. "मधे फेब्रुवारी आला तर एकशे एक्याऐंशी."

"बाबा, गप्प बसा," लेक म्हणाली.

"सुटायची वाट एकच आहे," वकीलबाई पुढं म्हणाली. "आत काय आहे ते जवळ बाळगणाऱ्याला ठाऊकच नव्हतं, असं आपण सिद्ध करायचं. पण तुम्ही तर जबाबात ते ठाऊक असल्याचं चार वेळा सांगितलंय. म्हणजे आता नुसतं तुमच्या तोंडचं चालणार नाही. काठी कुणाची होती, कुणी आणली, कशी आणली, हे सांगणारं कुणीतरी हवं."

"हिची होती," काका म्हणाले. "माझ्या बायकोची. तिचा गुडघा दुखायचा."

गुडघ्याबद्दल काका अधिकाराने बोलू शकत. नऊ वर्षं रोज संध्याकाळी जेवणाआधी त्यांनी तो चोळला होता. काकू खुर्चीत बसत, काका समोर पाटावर बसत, तेलाची वाटी कोमट करून घेत आणि दहा मिनिटं घड्याळ लावून चोळत. चोळताना गुडघ्याची रचना समजावून सांगत. एकदा ते उजवा गुडघा चोळू लागले तर काकू म्हणाल्या, "डावा."

"काल उजवा होता."

"आज डावा आहे."

"फिरतं दुखणं म्हणतात याला," काकांनी तत्काळ निदान केलं. "वाताचा प्रकार. हवा बदलली की जागा बदलतं." काकू खाली मान घालून हसल्या. काकांना वाटलं, बरं वाटलं हिला.

साक्षीदार लेकीनेच शोधून काढली. धुलाईघरात काकूंच्या शेजारी वीस वर्षं इस्त्रीला उभी राहणारी बाई होती. तोंडाने फटकळ, हाताने भाजलेली, आता निवृत्त. सगळे तिला इस्त्रीमावशी म्हणत. ती एका दुपारी घरी आली, काकांच्या समोरच्या खुर्चीत, म्हणजे काकूंच्या खुर्चीत बसली, आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "आधी मला सांगा, मला धरून तर नेणार नाहीत ना? तिने घेतली तेव्हा मी बरोबर होते."

"तुम्ही हातात धरली होती का?" लेकीने वकीलबाईने शिकवलेलं विचारलं.

"नाही बाई. मी छत्री दुरुस्त करून घेत होते. काठी तिने घेतली. जुन्या बाजारातल्या छत्रीवाल्याकडून. त्याने मूठ कशी फिरवायची ते दाखवलं. दोनदा फिरवून बघितली तिने आणि म्हणाली, 'ही द्या.' मी म्हटलं, 'अगं, ही घरात काय सांगून नेणार तू?' तर म्हणाली, 'गुडघा दुखतो म्हणेन.'"

काकांनी तिच्याकडे बघितलं. "दुखायचाच तिचा गुडघा."

"कुठला हो?" इस्त्रीमावशी म्हणाली. "चादरींचे गठ्ठे डोक्यावर घेऊन दोन मजले चढायची. मी जिन्यात बसायचे आणि ती दोन खेपा करून यायची. गुडघे घोडीसारखे होते तिचे."

"मी चोळायचो," काका म्हणाले.

"ठाऊक आहे. सांगायची ती आम्हाला." मावशी म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून कधीकधी कण्हायचीसुद्धा म्हणे."

लेक उठून चहा ठेवायला आत गेली. चहा कुणी मागितला नव्हता.

मग मावशीने उरलेलं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी इस्पितळाने धुलाईघर हलवलं, गोदामांच्या मागं नेलं, आणि काकूंना पहाटेची पाळी लागली. बसमधून उतरून गोदामांच्या भिंतीकडेने चालत जायचं. तिथं एक माणूस दोन दिवस काकूंच्या मागून चालत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने दंड धरला आणि भिंतीशी ढकललं. तेवढ्यात पावाची गाडी वळली म्हणून तो पळाला. काकूंच्या दंडावर पाच बोटं उमटली होती. मावशीने ती इस्त्रीच्या टेबलामागे बसून पाहिली होती. पुढं तो माणूस परत दिसला नाही. पण तो रस्ता रोजचा होता.

"मला का नाही सांगितलं?" काका म्हणाले.

"मीही तेच विचारलं. म्हणाली, सांगून बघितलं."

"मला? कधी?"

"तो माणूस मागं लागला त्या दिवशी. घरी येऊन म्हणाली होती ना तुम्हाला, तो रस्ता बरा वाटत नाही म्हणून? तर तुम्ही तिला दिवे मोजून दाखवलेत."

काकांना ते आठवलं. न आठवायला काय झालं, त्यांना सगळंच आठवायचं. काकू भांडी पुसत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या होत्या, "तो गोदामामागचा रस्ता मला बरा वाटत नाही." आणि काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवून उत्साहाने सांगितलं होतं की बसथांब्यापासून धुलाईघरापर्यंत सात मिनिटं लागतात, वाटेत सहा दिवे आहेत, त्यातले चार चालू आहेत, आणि पाचव्याची तक्रार नोंदवलेली आहे. काकू म्हणाल्या होत्या, "बरं."

मावशी गेल्यावर काका म्हणाले, "मी गुन्हा कबूल करणार."

लेकीच्या हातातला कप बशीत आपटला. "काय?"

"काठी माझी होती म्हणणार. सहा महिने काय, निघून जातील."

"तुमच्या छातीत दुखतं. तिथं रात्री औषध कोण देणार? आणि कशासाठी हे?"

"भर कोर्टात उभं राहून म्हणू, माझी बायको चोरून हत्यार बाळगायची? तिच्या नावावर ते लिहून घेऊ? बिचारी गेली, तिला उत्तरसुद्धा देता येणार नाही."

"आई गेली, बाबा. तिला कुणी कैद करू शकत नाही. तुम्हाला करू शकतात."

"तिचं नाव..."

"आईचं नाव नाही जपत तुम्ही," लेक म्हणाली. ती ओरडली नाही; ओरडली असती तर बरं झालं असतं. "तिथं उभं राहून 'मला माहीत नव्हतं' म्हणावं लागेल, ते तुम्हाला नको आहे. तेवढं एक वाक्य म्हणण्यापेक्षा तुम्ही तुरुंगात जाल. मी आईला गमावलंय. तुम्हाला एका वाक्यापायी गमावू?"

काकांकडे उत्तर होतं. काकांकडे नेहमीच उत्तर असायचं. ते त्यांनी तोंडापर्यंत आणलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की हेही आपल्याला ठाऊक नाही. आपण काकूंना वाचवतोय की स्वतःला, ते. त्यांनी तोंड मिटलं. लेकीने कप विसळले.

सुनावणीच्या दिवशी काकांनी परीटघडीचा सदरा घातला. इस्त्री मावशीने करून आणली होती. मावशीची साक्ष आधी झाली आणि चांगली झाली, फक्त न्यायाधीशांना "अहो बाबा" म्हणाली म्हणून वकीलबाईने तिला डोळ्यांनी दटावलं. मग काका पिंजऱ्यात उभे राहिले. लाकडी कठडा छातीपर्यंत, समोर माणसं, आणि प्रत्येकाची नजर त्यांच्याकडे. क्षणभर त्यांना हायसं वाटलं. अशा चौकटीत ते आयुष्यभर बसले होते.

सरकारी वकील जाडजूड, समाधानी माणूस होता. त्याने आधी जबाब वाचून दाखवला आणि मग चष्म्यावरून काकांकडे बघितलं.

"ही काठी अकरा वर्षं तुमच्या दारामागं होती?"

"हो."

"रोज संध्याकाळी तुम्ही पत्नीचा गुडघा चोळत होता?"

"दहा मिनिटं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

"आणि नऊ वर्षं त्या गुडघ्याला काहीच झालेलं नव्हतं, हे तुम्हाला चोळूनही कळलं नाही?"

आता बरेच जण हसले. काकाही थोडे हसले. गोष्ट हसण्यासारखी होती हे त्यांनाही दिसत होतं. वकीलबाई उठून उभी राहणार होती, पण न्यायाधीशांनी हात वर केला. ते वयस्कर होते आणि एवढा वेळ त्यांनी काही लिहिलंही नव्हतं.

"मी एकच विचारतो," ते म्हणाले. "काठीत पातं होतं हे तुम्हाला माहीत होतं का?"

काकांनी कठडा धरला. "नव्हतं माहीत."

ते इतक्या हळू बाहेर पडलं की खाली बसलेल्या टंकलेखकाने मान वर केली. "ऐकू आलं नाही. मोठ्याने सांगा."

"मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं? पूर्ण वाक्य लागतं," टंकलेखक म्हणाला. त्याची काही चूक नव्हती, त्याला पूर्ण वाक्यच लागत असे.

"आत पातं होतं ते," काका म्हणाले. मग टंकलेखकाची बोटं थांबली तरी ते बोलतच राहिले, पण नेहमीसारखे नाही. शब्द शोधत, परक्या गावात पत्ता शोधावा तसे. "ती एवढी भीत होती ते. माझ्याशेजारी झोपायची, साहेब. उठून जायची तेव्हा दार वाजू नये म्हणून हाताने धरून लावायची. मला जाग यायची. मी आडव्या आडव्या सांगायचो, आज गाडी चार मिनिटं उशिरा आहे, सावकाश जा. मला वाटायचं, मी तिची काळजी घेतोय."

मागच्या बाकावर आता कुणी हसलं नाही. सरकारी वकिलाने, पुढं काही विचारायचं नाही, असं हाताने सांगितलं.

तासाभराने निकाल झाला. आरोपीस हत्याराची जाणीव नव्हती, सबब निर्दोष; हत्यार नष्ट करावं. लेकीने काकांचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला. काका मुद्देमालाच्या कारकुनाकडे गेले आणि नुसतं लाकूड परत मिळेल का, असं त्याला त्यांनी विचारलं.

"पातं काढून घ्या. मला फक्त मूठ आणि दांडा."

"काका, लाकूड हाही हत्याराचाच भाग आहे," कारकून म्हणाला. "म्यान धरतात त्याला. सगळं मिळून तोडायचं असतं." त्याने काठीच्या मुठीला बांधलेली चिठ्ठी उलटी करून बघितली. चिठ्ठीवर काकूंचं नाव नव्हतं. नुसता क्रमांक होता. त्याने काठी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

बाहेरच्या बाकावर इस्त्रीमावशी चपला काढून बसली होती. लेक वकीलबाईबरोबर कागद घ्यायला गेली. काका मावशीशेजारी बसले. जन्मभर लोकांनी त्यांना विचारलं होतं; आता विचारायचं कसं याचाच त्यांना सराव नव्हता.

"मावशी," ते म्हणाले, "काठी होती, ते ठीक. पण ती त्या रस्त्याने जायची कशी? म्हणजे, अंधारात. एकटी."

"बोलत जायची."

"कुणाशी? ती तर घरातही बोलायची नाही."

"तुमच्याशी." मावशी पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. "मी कधीमधी पुढच्या थांब्यावरून चढायचे, मग दोघी मिळून उतरायचो. पण एखाद दिवशी मला उशीर झाला की मी लगेच मागून येणाऱ्या गाडीने यायचे, आणि लांबूनच तिचा आवाज ऐकू यायचा. चांगला मोठ्याने. 'अहो, जरा पाय उचला की. किती रेंगाळता. पिशवी जड असेल तर मी घेते.' मागं वळून वळून. वाटावं, नवरा चार पावलांवर येतोय. कुणी दबा धरून असलाच तर त्याला कळावं की बाई एकटी नाही."

"पहिल्यांदा मला खरंच वाटलं तुम्ही आहात," मावशी म्हणाली. "मी बघितलं, तर रस्ता मोकळा. मी हसले तिला. ती नाही हसली. धुलाईघराच्या दाराशी पोचली की म्हणायची, 'बरं, या आता. जपून जा.' मग आत यायची."

"रोज?"

"नऊ वर्षं."

लेक कागद घेऊन आली होती. ती समोर उभी राहिली, दोघांकडे बघत, आणि काय झालं ते तिला कळेना. काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

"आणि मी काही बोलायचो का?" त्यांनी मावशीला विचारलं.

"तुम्ही तिथं नव्हताच, काका."

"तिच्या मनात, म्हणतो मी. ती थांबायची का? मधे थांबून, मी काहीतरी म्हणालो असं धरून..."

मावशीने आठवून बघितलं. प्रामाणिक बाई होती ती. बरं वाटावं म्हणून काही सांगणं तिला जमत नसे.

"थांबायची," ती म्हणाली. "थोडी थांबायची आणि मग म्हणायची, 'बरं.'"